डिसेबल केलेली ॲप्स परत सुरू करताना: आधी यादी, मग बटण

ताई, सगळ्यात आधी एक विनंती. आईंचा फोन आता कुणाच्याही हातात देऊ नका, आणि 'सॉफ्टवेअर मारायला' तर अजिबात देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून फोनमधलं काहीच गेलेलं दिसत नाही. सगळं जागेवर आहे, फक्त झोपवलेलं आहे.

तुमचा प्रश्न पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. आई ७२ वर्षांच्या, गिरगावात एकट्या राहतात. गणपतीत भाचा आला, फोन हळू चालतोय म्हणून त्याने नको वाटली ती ॲप्स पटापट डिसेबल केली आणि परत गेला. आता आईंना मराठीत बोलून मेसेज लिहिता येत नाही, माइक दाबला तरी काही होत नाही. प्ले स्टोअर दिसत नाही. बँकेच्या ॲपमधून स्टेटमेंटची पीडीएफ उतरत नाही. काय काय बंद केलं ते भाच्याला आठवत नाही. आणि घराजवळच्या दुकानदाराने ८०० रुपयांत फोन फॉरमॅट करून देतो म्हणून सांगितलंय.

मी दादर स्टेशनजवळ सोळा वर्षं मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर बसतोय. फॉरमॅट हा शब्द ऐकला की मला एक आजोबा आठवतात. प्ले स्टोअर उघडत नाही एवढीच त्यांची तक्रार होती. दुसऱ्या एका दुकानात कुणीतरी न विचारता फोन फॅक्टरी रीसेट केला, म्हणजे फॉरमॅटच, सगळं पुसून टाकलं. त्यात त्यांच्या पत्नीचे शेवटच्या वर्षातले व्हॉट्सॲपवरचे आवाजी मेसेज होते, बॅकअप नव्हता. माझ्याकडे आले ते 'हे परत मिळेल का' विचारायला. मिळालं नाही. मुळात बिघाड काय होता, तर एकच ॲप डिसेबल झालेलं होतं आणि ते सुरू करायला अर्धा मिनिटही लागलं नसतं. म्हणून सांगतो, डिसेबल झालेल्या ॲपसाठी फोन फॉरमॅट करायची गरज नसते.

आता डिसेबल म्हणजे काय ते समजून घ्या. फोनसोबत आलेली ॲप्स सिस्टिमच्या वेगळ्या भागात बसवलेली असतात. वापरणाऱ्याला त्या भागात काही लिहिता किंवा पुसता येत नाही, म्हणून ती अनइन्स्टॉल होत नाहीत. त्यावर उपाय म्हणून २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.० पासून डिसेबलचं बटण मिळालं. ते दाबलं की ॲपचं चिन्ह स्क्रीनवरून जातं, ॲप मागे चालणं थांबतं, पण मूळ ॲप फोनमध्येच राहतं. चाळीतल्या खोलीला कुलूप लावावं तसं. खोली पाडलेली नसते, आतलं सामानही बहुतेक वेळा तसंच असतं.

बहुतेक वेळा म्हणतोय, कारण डिसेबल करताना काही फोन विचारतात की अपडेट काढून कंपनीने दिलेली मूळ आवृत्ती ठेवू का. तिथे 'ओके' दाबलं असेल तर त्या ॲपमधली माहिती पुसली जाऊ शकते. मग ॲप परत सुरू केल्यावर ते जुन्या रूपात उघडतं आणि पुन्हा लॉगिन मागतं. घाबरायचं काही नाही, अपडेट केलं की ताळ्यावर येतं.

चला, फोन हातात घ्या. सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' उघडा. साध्या अँड्रॉइडच्या आणि पिक्सेलच्या फोनमध्ये 'सी ऑल ॲप्स' दाबलं की वर 'ऑल ॲप्स' असं लिहिलेली पट्टी दिसते. ती दाबली की खाली उघडते, त्यात 'डिसेबल्ड ॲप्स' निवडा. सॅमसंगमध्ये ॲप्सच्या यादीवर आडव्या रेघांचं छोटं चिन्ह असतं, ते दाबून 'डिसेबल्ड' निवडा. तिथे ॲप उघडल्यावर खाली 'एनेबल'ऐवजी 'टर्न ऑन' लिहिलेलं असू शकतं, त्यात गोंधळू नका. शाओमी, रेडमी, पोकोमध्ये 'ॲप्स'च्या आत 'मॅनेज ॲप्स' आहे. रिअलमी, ओप्पोमध्ये 'ॲप मॅनेजमेंट' शोधा. प्रत्येक आवृत्तीत ही नावं थोडी सरकतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ॲपचं नाव टाका. फोन मराठीत ठेवला असेल तर बटणावर 'सुरू करा' किंवा 'सक्षम करा' अशा अर्थाचं काहीतरी असेल.

एक गोष्ट नक्की करा. तीन टिंबांच्या मेनूत 'शो सिस्टिम' असेल तर ते दाबा. सॅमसंगमध्ये त्याच रेघांच्या चिन्हाखाली 'शो सिस्टिम ॲप्स' मिळेल. तुमच्या आईंच्या फोनमधला खरा घोळ मला इथेच वाटतो. माइक चालत नाही, डाउनलोड होत नाही, या तक्रारी डोळ्यांना दिसणाऱ्या ॲप्सच्या नाहीत, पडद्यामागे काम करणाऱ्यांच्या आहेत. त्यांना चिन्हच नसतं, म्हणून साध्या यादीत ती सापडत नाहीत.

यादी दिसली की लगेच बटणं दाबायला सुरुवात करू नका. कागदावर सगळी नावं लिहून काढा किंवा स्क्रीनशॉट घ्या. काउंटरवर मी प्रत्येक फोनला हेच करतो. सगळी एकदम सुरू केली तर कशाने काय सुधारलं ते कळत नाही, आणि भाच्याने ज्या चार जाहिराती करणाऱ्या ॲप्सना योग्यच झोपवलं होतं तीही जागी होतात. मुलाचं काही अगदीच चुकलं नव्हतं. कशावर काय अवलंबून आहे ते त्याला माहीत नव्हतं, इतकंच.

पहिलं सुरू करायचं ते 'गूगल प्ले सर्व्हिसेस'. ते बंद असेल तर बाकीचं सुरू करण्यात अर्थ नाही, कारण नोटिफिकेशन, गूगलचं लॉगिन, अचूक लोकेशन, कितीतरी गोष्टी त्याच्यावर टेकलेल्या आहेत. मुंबईत याचा त्रास मला लोकलच्या तिकिटात जास्त दिसतो. तिकिटाचं ॲप लोकेशन मागतं, फोनचं जीपीएस चालू असतं, तरी जागा सापडत नाही म्हणतं. प्रवासी बिचारा प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन आकाशाकडे फोन धरतो. कारण कधी कधी एवढंच असतं की कुणीतरी बॅटरी वाचवायला प्ले सर्व्हिसेस झोपवलेलं असतं.

त्यानंतर 'गूगल प्ले स्टोअर'. हे फक्त सेटिंग्जमधूनच सुरू करा. ब्राउझरवरून किंवा कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फाइलीतून प्ले स्टोअर बसवायच्या फंदात पडू नका. प्ले स्टोअर जागं झालं की पुढचं काम सोपं होतं. डिसेबल केलेलं ॲप तिथे शोधलं तर 'इन्स्टॉल'च्या जागी 'एनेबल'चं बटण दिसतं. सेटिंग्जच्या आत हरवायला होत असेल तर हा चांगला रस्ता आहे.

मग 'डाउनलोड मॅनेजर'. हे सिस्टिमच्या यादीतच मिळेल. अनेक ॲप्स फाइल स्वतः उतरवत नाहीत, या मॅनेजरला सांगतात. तो बंद असला की बँकेचं ॲप 'डाउनलोड स्टार्टेड' म्हणतं आणि फाइल कुठेच येत नाही, किंवा ॲपच बंद पडतं. तुमच्या पीडीएफची तक्रार मी वाचली तेव्हा पहिला संशय याच्यावरच गेला. व्हॉट्सॲप आपले फोटो स्वतः उतरवतं, म्हणून आईंना ते येत राहिले असतील आणि फोन ठीक आहे असं वाटलं असेल.

मराठीत बोलून लिहिण्यासाठी दोन नावं बघा: 'गूगल' या साध्या नावाचं ॲप आणि 'स्पीच रेकग्निशन अँड सिंथेसिस'. जुन्या फोनमध्ये दुसऱ्याचं नाव 'स्पीच सर्व्हिसेस बाय गूगल' असं असतं. 'गूगल' हे ॲप लोक हमखास बंद करतात, कारण ब्राउझर असताना हे कशाला असं वाटतं. पण आवाज ओळखण्याचं काम त्याच्या मदतीने होतं. ही दोन्ही सुरू केल्यावर 'गूगल'च्या परवानग्यांमध्ये जाऊन मायक्रोफोन दिलेला आहे ना ते पाहा. कीबोर्डच्या परवानग्यांमध्येही पाहा. ज्यांचे डोळे साथ देत नाहीत किंवा बोटं थरथरतात, त्यांच्यासाठी हा माइक म्हणजे घरच्यांशी बोलायची वाट असते. भाच्याला रागावू नका, पण हे मात्र जरूर समजावून सांगा.

'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' जरा वेगळं प्रकरण आहे, त्यावर थोडं थांबतो. इतर ॲप्सच्या आत जेव्हा वेबपान उघडतं, उदाहरणार्थ वीजबिल भरताना बँकेचं पान, तेव्हा ते दाखवायचं काम वेबव्ह्यूचं. अँड्रॉइड ७ ते ९ या आवृत्त्यांमध्ये हे काम क्रोमच करत असे, त्यामुळे त्या फोनमध्ये वेबव्ह्यू डिसेबल दिसणं अगदी बरोबर आहे. क्रोम चालू असताना ते तिथे सुरूही होत नाही. कितीतरी लोक 'बटण दाबतो, चालू होत नाही, फोन बिघडला' म्हणून येतात. फोन बिघडलेला नसतो. अँड्रॉइड १० पासून वेबव्ह्यू पुन्हा स्वतंत्र झालं, तिथे मात्र ते चालू आणि अपडेट केलेलंच हवं. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूच्या एका अपडेटमुळे जगभर ॲप्स आपोआप बंद पडत होती. तेव्हा लोकांनी त्याची अपडेट काढून टाकली आणि तात्पुरतं काम चालवलं. दुरुस्ती लगेच आली, पण जुन्या फोनमध्ये वेबव्ह्यू तेव्हापासून तसंच पडून राहिलेलं मी नंतरही पाहिलंय. तेव्हा अँड्रॉइडची आवृत्ती आधी बघा, मग ठरवा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडलं की ती दिसते.

जुन्या फोनमध्ये 'मीडिया स्टोरेज' बंद केलं असेल तर गॅलरी रिकामी दिसते आणि रिंगटोन गायब होतात. फोटो गेलेले नसतात, त्यांची नोंद ठेवणारा कारकून रजेवर असतो. सुरू करा, फोन रीस्टार्ट करा, आणि चार्जिंगला लावून थोडा वेळ द्या. हजारो फोटोंची यादी पुन्हा बनायला वेळ लागतो.

प्रत्येक दोन-तीन ॲप्स सुरू केल्यावर फोन एकदा बंद करून चालू करा. आणि ॲप सुरू झालं म्हणून ते मुख्य स्क्रीनवर आपल्या जुन्या जागी येऊन बसेल असं नाही. खालून वर सरकवून सगळ्या ॲप्सची यादी काढा, तिथून बोटाने धरून मुख्य स्क्रीनवर आणा. आईंना जिथे सवय आहे त्याच जागी ठेवा. मग प्ले स्टोअरमधून अपडेट द्या. मूळ आवृत्ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असू शकते, त्यात सुरक्षेच्या फटी असतात, म्हणून अपडेट झाल्याशिवाय बँकेची कामं करू नका.

समजा ॲप यादीत सापडलंच नाही. भाच्याला विचारा की त्याने फोन कॉम्प्युटरला जोडला होता का. हल्ली इंटरनेटवरच्या याद्या पाहून मुलं कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणाऱ्या एडीबी नावाच्या साधनाने ॲप्स काढतात. तेव्हा ॲप 'डिसेबल' नसतं, तर 'या वापरकर्त्यासाठी इन्स्टॉल नाही' अशा अवस्थेत असतं. तरीही मूळ प्रत सिस्टिममध्ये असते आणि त्याच एडीबीमध्ये 'इन्स्टॉल एक्झिस्टिंग' अशी आज्ञा देऊन ती परत बसवता येते, फोनमधला बाकीचा डेटा न पुसता. ज्याने काढलं त्याच्याकडूनच हे करून घ्या, व्हिडिओ कॉलवर नको, समोर बसून. काम झालं की डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'यूएसबी डीबगिंग', म्हणजे कॉम्प्युटरला फोनवर आज्ञा चालवू देणारी सोय, बंद करायला लावा. ते चालू ठेवून फोन कुठेही चार्जिंगला लावणं मला पटत नाही.

सगळं करून थकलात आणि काय बंद आहे तेच कळेना, तर एक शेवटचं हत्यार आहे: 'रीसेट ॲप प्रेफरन्सेस'. सॅमसंगमध्ये ॲप्सच्या यादीवरच्या तीन टिंबांत, पिक्सेलमध्ये 'सिस्टिम'च्या आत रीसेटच्या पर्यायांत मिळतं. याने डिसेबल केलेली सगळी ॲप्स एकदम चालू होतात. फोटो, मेसेज, व्हॉट्सॲप काहीही जात नाही. मात्र कोणतं ॲप कशासाठी वापरायचं, कुणाची नोटिफिकेशन बंद ठेवायची, कुणाचा डेटा रोखायचा, ही आपण लावलेली घडी मोडते. नंतर लिंक उघडताना फोन पुन्हा विचारेल, कोणत्या ॲपने उघडू. आईंना असे प्रश्न आले की त्या घाबरतील, म्हणून मी हा उपाय शेवटी सांगितला. आणि नाव नीट वाचून दाबा. पिक्सेलमध्ये त्याच पानावर 'इरेज ऑल डेटा' असतं, आणि तेच फॅक्टरी रीसेट.

आता जे डिसेबल वाटतं पण नसतं, त्याबद्दल. काउंटरवर येणाऱ्या अशा तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळ मला यातलंच काहीतरी सापडतं. ॲपचं चिन्ह राखाडी झालंय आणि दाबल्यावर आजचा वेळ संपला म्हणतं, तर 'डिजिटल वेलबीइंग'ची मर्यादा लागलेली आहे, ती मध्यरात्री आपोआप उठते किंवा तिथेच काढता येते. चिन्हावर ढगाची खूण आहे, तर जागा वाचवायला ॲप आर्काइव्ह झालंय, नेट चालू ठेवून दाबलं की परत उतरतं. बाहेरून उतरवलेली सगळीच ॲप्स एकदम गेली आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात 'सेफ मोड' लिहिलंय, तर फोन चालू होताना आवाजाचं बटण दाबलं गेलंय, फक्त रीस्टार्ट करा. बटणावर घट्ट बसलेलं कव्हर असेल तर हे पुन्हा पुन्हा होतं, तेव्हा कव्हर काढून पाहा. सॅमसंगमध्ये 'डीप स्लीपिंग ॲप्स' अशी यादी बॅटरीच्या सेटिंगमध्ये असते. त्यातलं ॲप उघडल्याशिवाय मागे काहीच करत नाही, म्हणून औषधाची आठवण करून देणारं ॲप वाजतच नाही. आईंचं असं काही ॲप असेल तर त्या यादीतून बाहेर काढा.

बरेच महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्याही अँड्रॉइड ११ पासून फोन स्वतःच काढून घेतो. ॲप चालतं, पण कॅमेरा किंवा एसएमएस वापरू शकत नाही. यूपीआयची ॲप्स नोंदणीच्या वेळी आपल्या सिमवरून एसएमएस पाठवून फोन ओळखतात, त्यामुळे अशी परवानगी गेली की ती अडून बसतात. ॲपच्या माहितीत जाऊन परवानगी परत द्या, आणि तिथेच 'वापरलं नाही तर थांबवा' अशा अर्थाचं बटण आहे, ते त्या एका ॲपपुरतं बंद करा.

ऑफिसने दिलेला फोन असेल आणि सेटिंगमध्ये ॲडमिनचा उल्लेख दिसत असेल, तर घरी खटपट करू नका, ऑफिसच्या आयटी विभागाला सांगा. हप्त्यांवर घेतलेला फोन हप्ता चुकल्यामुळे बंद झाला असेल, तर कर्ज देणाऱ्याशीच बोला. 'लॉक तोडून देतो' म्हणणाऱ्याकडे गेलेला फोन धड राहिलेला मी पाहिला नाही.

आयफोनवाल्यांसाठी दोनच ओळी. सफारी किंवा कॅमेरा गायब असेल तर 'स्क्रीन टाइम'मधल्या निर्बंधांत परवानगी दिलेल्या ॲप्सची यादी पाहा. चिन्हाजवळ ढग असेल तर ॲप ऑफलोड झालंय, दाबलं की माहितीसकट परत येतं.

एक ॲप मात्र सुरू करू नका. यादीत असं काही दिसलं की ज्याच्यासोबत 'प्ले प्रोटेक्ट'ने, म्हणजे गूगलच्या ॲप तपासणाऱ्या पहारेकऱ्याने, ते धोकादायक म्हणून बंद केल्याची सूचना आहे, तर त्याला हात लावू नका, काढून टाका. लग्नाची पत्रिका, वाहनाचं चलान, बँकेचं केवायसी अशा नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइली, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणाऱ्या फाइली, फिरतात. त्या बसवल्या की एसएमएस वाचून ओटीपी चोरतात. कुणी फोन करून 'तुमचं ॲप डिसेबल झालंय, मी सांगतो तसं सुरू करा, स्क्रीन शेअर करा' म्हणाला तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० वर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. हा क्रमांक आईंच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.

राहिला फोन हळू चालण्याचा मूळ प्रश्न. सिस्टिमची ॲप्स डिसेबल करून जागा फारशी सुटत नाही. फार तर त्यांची अपडेट आणि साठलेली माहिती जाते, मूळ ॲप तिथेच राहतं. ज्येष्ठांचे फोन भरतात ते मुख्यतः सकाळच्या शुभेच्छांच्या फोटोंनी आणि व्हिडिओंनी. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडा, 'मॅनेज स्टोरेज' दाबा. कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते वरून खाली दिसतं. आईंना शेजारी बसवूनच पुसा, कारण कोणता फोटो त्यांना हवाय हे आपल्याला ठाऊक नसतं. मग गूगल खात्यावर व्हॉट्सॲपचा बॅकअप चालू आहे का ते बघा. नसेल तर आजच चालू करा.

शेवटी आईंच्या हातात फोन द्या आणि त्यांनाच मराठीत एक वाक्य बोलायला सांगा. अक्षरं उमटली तर काम झालं. माइक चालू होऊन इंग्रजी अक्षरं येत असतील तर कीबोर्डच्या व्हॉइस टायपिंगच्या भाषांमध्ये मराठी जोडायची राहिलीय. आणि नेट असताना चालतं, नसताना नाही, असं झालं तर तिथेच ऑफलाइन मराठी उतरवायचा पर्याय दिसतो का पाहा. तरीही जमलं नाही, तर लिहून ठेवलेल्या त्या यादीचा फोटो मला पाठवा. त्यात अजून काय बंद आहे ते मी बघतो.